डाग पुसण्याआधी

मेलॅनोमासाठी पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निव्होलुमॅब सुरू असलेला रुग्ण काही महिन्यांनी त्वचारोगतज्ज्ञाकडे येतो, तेव्हा त्याच्या हातात कर्करोगतज्ज्ञाची दोन ओळींची चिठ्ठी असते : चेहऱ्यावर आणि हातांवर पांढरे डाग, कृपया पाहावे. सोबतचे नातेवाईक हवालदिल झालेले असतात. कॅन्सर काय कमी होता म्हणून आता कोड, असा त्यांचा सूर असतो. पांढरा डाग दिसला की टॅक्रोलिमस किंवा स्टिरॉइडचे मलम लिहून द्यायचे, ही हाताला लागलेली सवय. या रुग्णापुरता तरी तो हात थांबायला हवा.

फ्रान्समधल्या एका अभ्यासात पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्या मेलॅनोमाच्या ६७ रुग्णांवर लक्ष ठेवले गेले. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६७ पैकी १७ जणांना कोड आले. या १७ पैकी १२ जणांची गाठ औषधाने आटली. कोड न आलेल्या ५० जणांपैकी १४ जणांचीच. त्याआधी २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी १३७ अभ्यास एकत्र करून पाहिले होते. इम्युनोथेरपी घेणाऱ्यांत कोडाचे प्रमाण ३.४ टक्के निघाले आणि ज्यांना कोड आले त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे चौपटीने कमी दिसला. या आकड्यांकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. जो रुग्ण जास्त काळ जगतो त्याला कोड येण्यासाठीही जास्त काळ मिळतो, त्यामुळे फरक आहे त्यापेक्षा मोठा दिसू शकतो. ही वजावट केली तरी हातात बरेच उरते, कारण या संबंधामागचे जीवशास्त्र भक्कम आहे.

त्याची पहिली ठळक खूण १९९६ मध्ये मिळाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग इंटरल्युकिन-२ देऊन रुग्णांवर उपचार करत होते. मेलॅनोमाच्या ज्या रुग्णांना गुण आला, त्यांच्यापैकी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या त्वचेवर कोड उमटले. गुण न आलेल्यांत एकाच्याही नाही. मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी तेच औषध घेतलेल्यांनाही कोड आले नाही. म्हणजे दोष औषधाच्या रसायनाचा नव्हता. मेलॅनोमावर चालून गेलेल्या टी पेशी निरोगी रंगपेशींनाही तेच लक्ष्य समजत होत्या. ते लक्ष्य कोणते, हे तोपर्यंत कळू लागले होते. १९९४ मध्ये बेथेस्डा आणि ब्रसेल्स इथल्या दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे एकच प्रथिन शोधले होते; एकीने त्याला मार्ट-१ म्हटले, दुसरीने मेलॅन-ए. टायरोसिनेज, जीपी-१००, टीआरपी-१ आणि टीआरपी-२ ही नावे त्याच यादीतली. ही सगळी प्रथिने गाठीत असतात आणि निरोगी त्वचेच्या रंगपेशींतही.

नेहमीच्या कोडातही हाच हल्ला होतो. फरक इतकाच की तिथे गाठ नसते. सीडी-८ टी पेशी रंगपेशीपाशी पोहोचते आणि इंटरफेरॉन गॅमा सोडते. तो शेजारच्या केराटिनोसाइटवर बसतो, तिच्या आत जेएके-१, जेएके-२ आणि स्टॅट-१ ही साखळी चालू होते, आणि ती केराटिनोसाइट सीएक्ससीएल-९ व सीएक्ससीएल-१० ही आमंत्रणे बाहेर पाठवते. सीएक्ससीआर-३ धारण करणाऱ्या आणखी टी पेशी तिथे गोळा होतात. मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर इथे जॉन हॅरिस यांच्या गटाने उंदरांवर हे चक्र टप्प्याटप्प्याने उलगडले आणि २०१४ मध्ये सीएक्ससीएल-१० हा त्यातला कळीचा दुवा असल्याचे दाखवले. रुक्सोलिटिनिब या जेएके रोधकाचे १.५ टक्क्यांचे क्रीम याच समजुतीचे फळ. अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये त्याला १२ वर्षांवरील रुग्णांतल्या नॉन-सेगमेंटल कोडासाठी मान्यता मिळाली. २४ आठवड्यांनी चेहऱ्यावरचा तीन-चतुर्थांश रंग परतलेले रुग्ण सुमारे ३० टक्के होते. औषधाविना नुसते क्रीम लावणाऱ्यांत हे प्रमाण एका चाचणीत सात आणि दुसऱ्या चाचणीत अकरा टक्क्यांच्या आसपास राहिले. कोडाच्या रुग्णाला इतकी वर्षे केवळ धीर देणाऱ्या या शाखेसाठी हा टप्पा मोठाच आहे.

पण जी साखळी कोडात तोडायची, तीच मेलॅनोमात शाबूत ठेवायची असते.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील अँटोनी रिबास यांच्या गटाने २०१६ मध्ये अशा चार रुग्णांच्या गाठी तपासल्या, ज्यांचा मेलॅनोमा पेम्ब्रोलिझुमॅबने आधी आटला होता आणि मग उलटला होता. दोघांच्या गाठींत जेएके-१ किंवा जेएके-२ निकामी करणारी उत्परिवर्तने सापडली. टी पेशी येत होत्या, इंटरफेरॉन गॅमा सोडतही होत्या, पण गाठीला तो ऐकूच येत नव्हता. मग मेलॅनोमाचा उपचार चालू असलेल्या माणसाला कोडासाठी जेएके रोधक गोळी द्यावी का? सरळ उत्तर ‘नको’ असे वाटते, पण विज्ञान तितके सरळ राहिलेले नाही. २०२४ मध्ये दोन गटांनी दाखवले की फुप्फुसाच्या कर्करोगात आणि हॉजकिन लिम्फोमात पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या पीडी-१ रोधकाच्या जोडीला जेएके रोधक नेमक्या वेळी दिला तर थकलेल्या टी पेशी उलट सावरतात. वेळ, मात्रा आणि रोग बदलला की परिणाम बदलतो. यावरून मेलॅनोमाच्या रुग्णासाठी नियम काढणे घाईचे होईल. आज सांगता येते ते एवढेच की हा निर्णय त्वचारोगतज्ज्ञाने एकट्याने घेण्याचा नाही. डाग विस्तृत नसतील तर सनस्क्रीन, डाग झाकणारी प्रसाधने आणि धीर यांवर भागू शकते.

कर्करोग नसलेल्या रुग्णाबाबतही टोफासिटिनिब या जेएके रोधकाच्या स्वस्त देशी गोळ्यांची सध्याची सैल हाताळणी चिंता वाटण्याजोगी आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये या वर्गातील गोळ्यांवर हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोग यांविषयीची सर्वांत कडक सूचना आणली. ज्या अभ्यासावरून ती आली तो संधिवाताच्या वयस्क रुग्णांवरचा होता, हे खरे. पण आपल्याकडे क्षयरोग घरोघरी आहे, आणि सुप्त क्षयाची तपासणी न करता सहा-सहा महिन्यांची गोळी लिहिली जात असेल तर वय कमी असल्याचा आधार पुरणार नाही. वेगाने पसरणारे कोड थांबवण्यासाठी याच देशात एक साधी पद्धत तयार झाली आहे : दिल्लीच्या एम्समधून जे. एस. पसरिचा यांनी आठवड्यातून सलग दोन दिवस बीटामेथासोन देण्याची पद्धत मांडली, ती आजही जगभर वापरात आहे. नवे औषध हातात आले म्हणून ती टाकून देण्याचे कारण नाही.

रंगपेशीवर चालून जाणारी टी पेशी मुळात चिडते कशाने, याचे सगळ्यात स्पष्ट उदाहरण आपल्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसते. कपाळाच्या मधोमध टिकलीच्या आकाराचा गोल पांढरा डाग न पाहिलेला त्वचारोगतज्ज्ञ महाराष्ट्रात सापडणार नाही. टिकलीच्या गोंदातला पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल रचनेने टायरोसिनसारखा असतो. रंगपेशीत शिरून तो तिच्यावर ताण आणतो, आणि ताणाखालची पेशी एचएसपी-७० सारखी प्रथिने बाहेर टाकून प्रतिकारयंत्रणेला जागे करते. पश्चिम बंगालमधल्या ८६४ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केसांचा कलप सर्वांत वर होता. मागोमाग सुगंधी फवारे, डिटर्जंट, चिकट टिकली आणि रबरी चपला. जपानमध्ये २०१३ च्या जुलैत ऱ्होडोडेंड्रॉल असलेली गोरेपणाची प्रसाधने बाजारातून मागे घ्यावी लागली, तोवर हजारो स्त्रियांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर डाग उमटले होते. याच कुळातला मोनोबेंझोन अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी इमिक्विमॉडच्या जोडीने उंदरांना लावला आणि मेलॅनोमाची वाढ रोखली. ज्या वाटेने टिकली कोड आणते, त्याच वाटेने गाठीवर हल्ला चढवता येतो. म्हणून टिकलीचा, कलपाचा, चपलेचा इतिहास विचारणे हा केवळ शिष्टाचार नाही. काही रुग्णांत डाग संपर्काच्या जागेपलीकडेही पसरत जातो, आणि कारण जितके लवकर काढून टाकावे तितके बरे.

डाग भरल्यावर पुन्हा त्याच जागी का उमटतो, याचे उत्तर त्वचेत मुक्काम ठोकलेल्या स्मृती टी पेशींत आहे. डार्टमथच्या मेरी जो टर्क यांच्या गटाला २०१७ मध्ये दिसले की मेलॅनोमानंतर कोड आलेल्या उंदरांच्या त्वचेतल्या या पेशी गाठ पुन्हा रुजू देत नाहीत. कोडाच्या रुग्णात हीच चिकाटी वैरीण ठरते. इंटरल्युकिन-१५ हा त्यांचा खुराक. वुस्टरच्या गटाने २०१८ मध्ये त्याचा ग्राहक अडवून उंदरांत रंग परत आणला. हा उपचार माणसांपर्यंत पोहोचेपर्यंत दवाखान्यात करण्याजोगे काम साधे आहे : रंग परतला की टॅक्रोलिमस एकदम बंद न करता आठवड्यातून दोनदा चालू ठेवणे. नीस इथल्या थिएरी पासेरॉन यांच्या गटाच्या २०१५ च्या चाचणीने त्याला आधार दिला आहे. फोटोथेरपी संपवून समाधानाने घरी पाठवलेला रुग्ण वर्षाच्या आत परत येतो, तो बहुतेकदा ही एक ओळ चिठ्ठीत नसल्यामुळे.

भारतीय त्वचेचा प्रश्न मात्र पाश्चात्त्य आकड्यांनी सुटत नाही. कोलोरॅडोच्या रिचर्ड स्प्रिट्झ यांच्या गटाने २०१० मध्ये टायरोसिनेजच्या जनुकातला जो भेद दाखवला, जो कोडाची शक्यता वाढवतो आणि मेलॅनोमाची घटवतो, तो युरोपीय वंशाच्या लोकांतला. कोड असलेल्यांत मेलॅनोमा तिपटीने कमी असल्याचा २०१३ चा अभ्यास डच लोकांचा. आपल्याकडचा मेलॅनोमा बहुतांशी उन्हाने होत नाही. तो तळपायाला, नखाखाली, तोंडाच्या किंवा गुदद्वाराच्या अस्तरात होतो. बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्यात १९७७ मध्ये सापडलेला, आणि १९८१ मध्ये त्याचा बळी घेणारा आजार याच जातीचा. या गाठींत उत्परिवर्तने कमी, म्हणून टी पेशींना ओळखायला खुणाही कमी, आणि इम्युनोथेरपीचा गुणही उणा. इपिलिमुमॅब व निव्होलुमॅब एकत्र घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनी जिवंत असल्याची २०२४ मधली बातमी थक्क करणारी आहे, पण ती तळपायाच्या मेलॅनोमाला जशीच्या तशी लागू करू नये.

आणि आपल्याकडे ही गाठ उशिरा सापडते. तळपायाला काळा डाग दिसला की आधी कुरूप समजून तो कापला जातो, नाहीतर मार लागून रक्त साकळले म्हणून सोडून दिला जातो. अनेक नखांवरच्या काळ्या रेघा सावळ्या माणसात नेहमीच्याच; पण एकाच नखावरची, रुंदावत जाणारी, नखामागच्या कातडीवर रंग सांडणारी रेघ बायॉप्सी मागते. तळव्यावर डर्मोस्कोप ठेवला आणि रंग खाचांऐवजी उंचवट्यांवर दिसला, तर जपानी त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेला तो इशारा चुकवू नये. कोडाच्या रुग्णाचे हातपाय एरवीही पाहिले जातातच. त्याच वेळी तळवे आणि वीस नखे पाहायला दोन मिनिटे लागतात.

औषधाच्या किमतीचाही प्रश्न आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅबची फक्त २० मिलिग्रॅम मात्रा तीन आठवड्यांनी देऊन पाहिली. जोडीला कमी मात्रेच्या गोळ्या होत्या. एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. मेलॅनोमासाठीही असाच प्रश्न इथेच विचारला जायला हवा, कारण गरज इथे आहे.

मेलॅनोमाच्या रुग्णाला ‘हा डाग चांगले लक्षण असू शकते’ असे सांगताना एक भान ठेवायचे आहे. महाराष्ट्रात कोडाचे ओझे त्वचेहून मोठे असते. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या ‘श्वेता’ संस्थेने ते उतरवण्यासाठी वर्षानुवर्षे काम केले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ चित्रपटात कोड असलेली तरुण डॉक्टर ताठ मानेने उभी राहिली. तरीही मुलीच्या लग्नाची काळजी करणाऱ्या बापाला गाठ आटल्याची बातमी आणि चेहऱ्यावरचे पांढरेपण एकाच दिवशी पेलायचे असते. त्याला दोन्हींबद्दल पुरेसा वेळ द्यावा लागतो.

आपल्या वाचकांना एक विनंती आहे. इम्युनोथेरपीची पहिली सलाइन लागण्याआधी रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे, हे आपल्या कर्करोगतज्ज्ञ मित्रांना सांगा. तेव्हाच वुड्स लॅम्पखाली पाहून छायाचित्रे काढा. कोड आले तर पहिला डाग कुठे, किती आठवड्यांनी, मूळ गाठ तळपायाची की अन्य जागेची, डाग उन्हाच्या भागात ठिपक्यांनी पसरला की नेहमीसारखा, मलम लावले का, आणि पुढच्या स्कॅनमध्ये गाठीचे काय झाले, हे लिहून ठेवा आणि रुग्णाची ओळख काढून मासिकाकडे पाठवा. सावळ्या त्वचेवरच्या अशा नोंदी एकत्र करून येत्या अंकांतून छापण्याचा संपादक मंडळाचा विचार आहे.