पारणे फेडताना

गेल्या नरकचतुर्दशीला पहाटे पहिला फटाका वाजला आणि आमचे काका पलंगावरून ताडकन उठले. उठले ते भोवळ येऊन भिंतीलाच टेकले. रक्तदाबाची गोळी चालू आहे. “डॉक्टरांनी सावकाश उठायला सांगितलं होतं ना?” मी विचारले. “सत्तर वर्षं उठतोय, आता उठायला शिकू?”

शिकायलाच हवे, वाचकहो! उभे राहताच रक्त पायांकडे धावते. तेव्हा मज्जातंतूंच्या निरोपाने रक्तवाहिन्या आवळतात आणि डोक्याचा पुरवठा टिकतो. १९५० च्या सुमाराचे हेक्सामेथोनियम हा निरोपच वाटेत अडवी. दाब उतरे, पण रांगेत फार वेळ उभा राहिलेला रोगी पांढराफटक पडे. ते औषध मागे पडले. भोवळ मात्र आजच्या काही गोळ्यांनीही येते.

ही झाली पुरवठा तुटण्याची गोष्ट. तुटलेला पुरवठा जोडतानाही इजा होते, हे कुत्र्यांच्या हृदयावरील प्रयोगांतून १९६० साली पुढे आले. उपाशी पेशींवर प्राणवायू आणि कॅल्शियम एकदम लोटतात. म्हणून रक्त परत आणूच नये काय? छे! हृदयविकाराच्या झटक्यात अडलेली वाट तातडीने मोकळी करावीच लागते. उशीर झाला तर स्नायू मरतो.

लांबलेल्या उपासाचे पारणे पेजेने फेडावे, असे आजी सांगे. त्या पेशींना मानवेल अशी पेज डॉक्टर अजून शोधताहेत. काकांची पेज सोपी आहे : पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसावे, मग उठावे. आणि गोळी आपल्या मनाने सोडू नये!