टँकर आला नाही, ही बातमी की माहिती?

बेंबळीत सकाळी चहाच्या टपरीवर माणसं काय बोलतात? सोयाबीनचा भाव, अडकलेला पीकविमा, रेशन दुकानात मशीनवर न उमटणारा अंगठा, पुण्याला कामाला गेलेली पोरं. आणि रात्री टीव्हीवर पाहिलेली भांडणं. त्या भांडणांत बऱ्याचदा विषय आपण असतो, बोलणारे मात्र दुसरेच. २०२३मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा स्टुडिओत चर्चा रंगल्या. बेंबळीचा एखादा माणूस, हिंदू असो वा मुसलमान, त्यात बोलताना तुम्ही ऐकलात?

मग गावाचा स्वतःचा रेडिओ का नको? कायद्याने दार उघडं आहे. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सांगितलं. त्या खंडपीठावर आपले न्या. पी. बी. सावंत होते. २००६पासून स्वयंसेवी संस्थांनाही समुदाय रेडिओ चालवता येतो. शंभर वॅटचं केंद्र, दहा-बारा किलोमीटरचा आवाका; म्हणजे बेंबळी आणि भोवतालची गावं. साताऱ्यातल्या म्हसवडला २००८पासून माणदेशी तरंग वाहिनी आहे. हरियाणात, मेव मुसलमानांच्या मेवात भागात, घाघस गावातून २०१२मध्ये ‘अल्फाज-ए-मेवात’ सुरू झालं.

अडचण पुढे आहे. या केंद्रांना बातम्या आणि चालू घडामोडींवर बोलायला मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. हवामान, परीक्षा, नोकरीच्या जागा चालतात. पाणी, वीज, साथीचे आजार यांची माहितीही चालते, पण स्थानिक प्रशासनाने दिलेली. म्हणजे ‘उद्या अकरा वाजता टँकर येईल’ हे सांगता येईल. टँकर आलाच नाही, तर? ते काही तहसील कार्यालय कळवणार नाही. खरीप २०२०च्या पीकविम्यासाठी आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. त्यावर तासभर बोलणं ही शेतीची माहिती की चालू घडामोड? परवाना जपणारा केंद्रचालक तो विषय टाळेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

अमेरिकेतल्या आदिवासी जमातींचा ‘नेटिव्ह अमेरिका कॉलिंग’ हा कार्यक्रम १९९५पासून नेमकं हेच करतो. सोमवार ते शुक्रवार, रोज एक तास, श्रोते फोन करतात आणि जमिनीपासून निवडणुकीपर्यंत बोलतात. आपल्याकडे खाजगी टीव्हीला चोवीस तास भांडायची मुभा, आणि शंभर वॅटच्या केंद्राला गावच्या नळाबद्दल बोलायची भीती.

अफवा पसरतील ही भीती खोटी नाही, आपण तिचे चटके खाल्ले आहेत. पण अफवा आज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, तिला ना नाव ना पत्ता. रेडिओ केंद्राला दोन्ही असतं, आणि प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवण्याचं बंधनही असतं. चूक झाली तर धरता येतं. म्हणून ही बंदी उठली पाहिजे, निदान गावापुरत्या घडामोडींसाठी तरी.

बंदी असतानाही करण्यासारखं बरंच आहे. मात्र ‘मुस्लिम रेडिओ’ काढू नका, गावाचा काढा. नियमानुसार निम्मे कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागातून व्हायला हवेत. त्यातला अर्धा तास दखनीत होऊ द्या. घरात दखनीत घडाघडा बोलणारी आई तलाठ्यापुढे गप्प होते. शिष्यवृत्तीचा अर्ज, विधवा पेन्शन, आजोळचे किस्से, ती माइकवर काय काय सांगेल, ऐका तर.

अर्ज करायला किमान तीन वर्षं जुनी नोंदणीकृत संस्था लागते. आपल्या बहुतेक तरुण मंडळांकडे बॅनर आहे, ग्रुप आहे. नोंदणीचा कागद आणि तपासलेला हिशेब नाही.