इथं फक्त सही कर!

गेल्या शुक्रवारची गोष्ट. संध्याकाळचे सव्वासहा. कॉम्प्युटर शटडाऊन, सॅक खांद्यावर, डोळ्यांसमोर ६.४२ ची लोकल... आणि सिनिअर टपकले. हातात साडेतीन लाखांचं बिल. 'चेक्ड बाय'वर बोट ठेवून म्हणाले, ''इथं फक्त सही कर गं. वरून ओके आहे.''

''सर, पण माल कुठे आलाय?''

''येईल गं! सोमवारी बघू.''

मीही ''सोमवारीच सही करते'' म्हणून बिल ड्रॉवरमध्ये टाकलं आणि सटकले. पण डोक्यातून जाईना. रात्री झोपेचं खोबरं, म्हणून मोबाइलवर वाचत बसले. आणि भेटले एक बडे साहेब, नजीब रझाक.

मलेशिया म्हणजे आपल्यासाठी ट्विन टॉवर्स आणि हनिमून पॅकेज. तिथले हे माजी पंतप्रधान. वडील देशाचे दुसरे पंतप्रधान, हे स्वतः बाविसाव्या वर्षी खासदार. २००९ मध्ये खुर्ची मिळाली, अर्थखातंही स्वतःकडेच. त्याच वर्षी देशाच्या विकासासाठी '१एमडीबी' नावाचा सरकारी फंड निघाला. त्यातले मोठे व्यवहार पंतप्रधानांच्या लेखी मंजुरीशिवाय होणार नाहीत, असा नियमच होता. म्हणजे सही साहेबांची!

अमेरिकी न्याय खात्याच्या हिशेबानं या फंडातून साडेचार अब्ज डॉलर्स वळवले गेले. त्यातून यॉट आली, पेंटिंग्ज आली, आणि 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट'लाही पैसा गेला म्हणे. घोटाळ्यावरचा सिनेमा, घोटाळ्याच्या पैशांतून. कायच्या काय ना!

जुलै २०१५ मध्ये बातमी फुटली, की साहेबांच्या पर्सनल खात्यात सुमारे ७० कोटी डॉलर्स आलेत. साहेब म्हणाले, अरब देणगी आहे. प्रश्न विचारणाऱ्या उपपंतप्रधानांना नारळ, अ‍ॅटर्नी जनरलही बदलले. नव्या अ‍ॅटर्नी जनरलनी २०१६ मध्ये क्लीन चिट दिली. मॅटर क्लोज्ड!

पण मे २०१८ मध्ये लोकांनीच हिशेब केला. १९५७ पासून सत्तेत असलेली आघाडी पडली. मग छाप्यांत ५६७ हँडबॅगा आणि ४२३ घड्याळं निघाली. २०२० मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली, ऑगस्ट २०२२ मध्ये साहेब तुरुंगात गेले. पुढे ही शिक्षा निम्मी झाली खरी, पण डिसेंबर २०२५ मध्ये मुख्य खटल्यात आणखी १५ वर्षांची झाली. कोर्टात साहेबांचा बचाव काय होता माहितीय? मला खालच्यांनी फसवलं!

इथे माझी झोप पूर्ण उडाली. आमचे सिनिअर म्हणतात 'वरून ओके आहे' आणि सगळ्यात वरचा म्हणतो 'खालून आलं होतं'. मग मधे कोण? आपणच की! गळ्यात आयकार्ड, डोक्यावर टार्गेट. फंडाचे बॉण्ड विकून गोल्डमन सॅक्सनं सुमारे ६० कोटी डॉलर्स फी कमावली, मोठमोठ्या ऑडिट फर्म्सनी हिशेब पास केले. २०२० आणि २०२१ मध्ये या कंपन्यांनी मलेशियाशी तडजोड करून पैसे भरले. पण त्याआधी कितीतरी शुक्रवारी संध्याकाळी कितीतरी जणांनी लोकल पकडायच्या घाईत 'फक्त सही' केली असणार. एकट्या साहेबाला एवढं खाणं झेपतं का हो?

सोमवारी मी मेल टाकला, 'डिलिव्हरी चलान जोडलंत की लगेच सही करते.' उत्तर आलं नाही. दुपारी सिनिअर येऊन न बोलता बिल घेऊन गेले. दुसऱ्या कुणाची सही मिळाली का, कळलं नाही. कँटीनमध्ये माझ्याशेजारची खुर्ची मात्र हल्ली रिकामी असते.

अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे. पोटात गोळा आलाय, खोटं कशाला सांगू? पण रात्री झोप लागते.