माहितीपुस्तिका कोणासाठी?

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत एक जुना संगणक देणगीदाखल आला. त्यावर आम्ही लिनक्स ही कार्यप्रणाली घातली. कळ दाबली की पंखा फिरे, दिवा लागे, पडद्यावर दोन-चार ओळी सरकत आणि मग सारे काळे. एकाने निदान केले, पडदा गेला. दुसरा म्हणाला, आतले कार्ड जळाले. संगणक कपाटावर गेला आणि त्याच्यावर गॅल्व्हानोमीटरच्या रिकाम्या पेट्या साठल्या.

पुढे बारावीच्या एका मुलाने तो खाली काढला. यंत्र सुरू होताना येणारी यादी त्याने थांबवली, एका ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ एवढा एक शब्द टाइप केला आणि पडदा उजळला! “हे कसे रे झाले?” मी विचारले. “का ते ठाऊक नाही सर, पण होते.”

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे वाक्य ऐकायला मला आवडत नाही. मात्र दोष त्या मुलाचा नव्हता, हे मला नंतर कळले.

विद्यार्थी मित्रहो, कार्यप्रणालीचा जो गाभा असतो त्याला कर्नेल म्हणतात. (लष्करातील कर्नलसाहेबांशी त्याचा संबंध नाही.) लिनक्सचा कर्नेल लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहावयास घेतला. संगणक सुरू होताना हा गाभा स्मृतीत येतो तेव्हा माऊस चालू नसतो आणि पर्याय निवडण्याचा पडदाही नसतो. त्याला काही सांगायचे असेल तर ते आधीच एका ओळीत लिहून द्यावे लागते. एस.टी.त बसणाऱ्या पाहुण्याच्या हाती आपण चिठ्ठी देतो, तसेच हे. या चिठ्ठीतील शब्दांना बूट पॅरामीटर म्हणतात. आपण त्यांना आरंभ-सूचना म्हणू. (येथे हे शब्द देवनागरीत छापले आहेत. यंत्रापुढे ते इंग्रजी लिपीतच टाइप करावे लागतात.)

या सूचनांची अधिकृत यादी कर्नेलबरोबरच मिळते. तीत शेकडो शब्द आहेत, आणि ते उपयोगानुसार नव्हे, इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेले आहेत. आता गंमत पाहा. ‘नोमोडसेट’ हा शब्द जगभर लोक वर्षानुवर्षे एकमेकांना सांगत होते, पण त्याची नोंद या यादीसाठी लिहिली गेली ती २०२१ च्या नोव्हेंबर महिन्यात! लिहिणाऱ्याने कारणही प्रांजळपणे दिले: नाव मोघम आहे आणि त्याने नेमके काय घडते हे त्यावरून उमगत नाही. नोंद अवघ्या काही ओळींची आहे. कर्नेलने पडद्याची मांडणी स्वतः बदलू नये, यंत्राने आरंभी उभे केलेले साधे चित्रच चालू ठेवावे, आणि हा उपाय अडचणीच्या वेळी व तपासणीसाठी आहे, इतकेच तीत आहे. पण एवढे आधी वाचायला मिळाले असते तर आमचा संगणक कपाटावर गेला नसता.

सगळ्याच नोंदी अपुऱ्या आहेत असे मुळीच नाही. ‘पॅनिक=’ ही सूचना घ्या. गंभीर बिघाड होऊन कर्नेल थांबला तर पुढे काय करावे, हे ती सांगते. अंक धन असेल तर तितक्या सेकंदांनी यंत्र पुन्हा सुरू होईल. शून्य असेल तर ते कायमचे वाट पाहत राहील. ऋण असेल तर तत्काळ पुन्हा सुरू होईल. एकक आहे, चिन्हाचा अर्थ आहे, शून्याचाही अर्थ आहे. माझ्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत असे लिहिले असते तर मी पूर्ण गुण दिले असते.

‘मेम=’ या सूचनेची गोष्ट वेगळी. यंत्राने किती स्मृती वापरावी हे तिने ठरते आणि आकड्यापुढे के, एम किंवा जी लिहिता येते. शाळेत किलो म्हणजे १००० असे शिकलेल्या मुलाने येथे जपावे, कारण हा के १०२४ चा आहे. हे यादीच्या प्रास्ताविकात स्पष्ट दिलेले आहे. पण अडचणीत सापडलेला माणूस प्रास्ताविक वाचत नाही, तो आपला शब्द शोधून तेवढेच वाचतो. एकक त्या नोंदीतच हवे.

माझा खरा आग्रह मात्र पडताळ्याचा आहे. सूचनेत स्पेलिंगची चूक झाली तर कर्नेल बहुधा थांबून सांगत नाही. न ओळखलेला शब्द तो पुढच्या प्रोग्रॅमकडे सोपवतो आणि आपले काम चालू ठेवतो. नव्या आवृत्त्या अशा शब्दांची एक ओळ नोंदवहीत टाकतात, तीही शोधावी लागते. ‘प्रोक’ या कप्प्यातील ‘सीएमडीलाइन’ ही फाइल उघडली तर आपण दिलेली चिठ्ठी जशीच्या तशी दिसते. परंतु चिठ्ठी पोचली म्हणजे ती मानली गेली, असे नव्हे! म्हणून सूचना न दिल्यास काय होते आणि दिल्यावर ती लागू झाली हे कसे ओळखावे, या दोन गोष्टी प्रत्येक नोंदीत असल्याच पाहिजेत असे माझे मत आहे. व्हर्नियरची शून्य त्रुटी न पाहता घेतलेले माप आपण स्वीकारतो का?

आमचे एक सहकारी म्हणतात, “ही यादी तज्ज्ञांसाठी आहे, पोरांनी तीत कशाला डोके घालावे?” पोरे डोके घालतातच. यंत्र वेगवान होईल असे सांगून ‘मिटिगेशन्स=ऑफ’ टाकायला लावणाऱ्या चित्रफिती ती पाहतात. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष जाहीर झाले. अशा दोषांविरुद्धची संरक्षणे या दोन शब्दांनी उतरतात. यादीत हा धोका स्पष्ट लिहिलेला आहे, पण इंग्रजीत, आणि चित्रफीत असते मराठीत. मुलगा कोणाचे ऐकणार?

हिंगोलीत बसून हे लिहिण्याला आणखी एक कारण आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या असतील. अमेरिकेतील लायगोत आरसे जागच्या जागी राखणारे नियंत्रण-संगणक लिनक्सवरच चालतात. त्यांतील वेगवान प्रोग्रॅम सेकंदाला १६,३८४ वेळा हिशोब करतात, म्हणजे एका फेरीला सुमारे ६१ मायक्रोसेकंद मिळतात. मध्येच दुसरे काम आले तर फेरी चुकेल, म्हणून अशा प्रोग्रॅमला प्रोसेसरचा एक गाभा स्वतंत्र काढून देतात. साध्या लिनक्समध्ये असे काही करण्यासाठी ‘आयसोलसीपीयूज=’ ही आरंभ-सूचना आहे. एकदा वेगळा काढलेला गाभा तिच्याद्वारे परत आणता येत नाही आणि म्हणून दुसरी, अधिक लवचीक पद्धत वापरावी, असे यादीच बजावते. अशी नोंद कारणासह समजून घेणारी मुले याच जिल्ह्यातून निघावीत असे मला वाटते.

सूचनांच्या शब्दांचे भाषांतर करू नये, कारण यंत्र दुसरा शब्द ओळखणार नाही. स्पष्टीकरण मात्र मराठीत हवे, आणि ते संगणकापुढे बसून करून पाहणाऱ्याने लिहावे. इंग्रजी नोंदीत उणीव दिसली तर शिक्षकांच्या मदतीने दुरुस्ती लिहून पाठवता येते. लिनक्सचा कर्नेल खुला आहे, त्याची यादीही खुली आहे.

आम्ही प्रयोगशाळेत एक दोनशे पानी वही घातली आहे. सूचना, एकक, न दिल्यास काय, पडताळा, यंत्र, आवृत्ती आणि तारीख असे तिचे रकाने. पहिल्या पानावर अर्थातच ‘नोमोडसेट’ आहे, त्याच मुलाच्या अक्षरात. दुसऱ्या पानावर ‘मेम=’ लिहून झाले आहे, पण पडताळ्याच्या रकान्यात दोन विद्यार्थिनींची उत्तरे जुळत नाहीत. एकीने के १००० चा धरला होता. येत्या शनिवारी ते पान पुन्हा करायचे ठरले आहे.