भूतबाजारातला वाडगा

चीनची राजधानी बीजिंगमध्ये पान्ज्यायुआन नावाचा जुन्यापुराण्या वस्तूंचा बाजार आहे. १९९२ च्या सुमारास तो सुरू झाला. तेव्हा पहाटेच्या अंधारातच माल मांडला जाई आणि गिऱ्हाइकं बॅटरीच्या उजेडात तो पारखत. अशा बाजाराला चिनी लोक चक्क 'भूतबाजार' म्हणतात!

चौकोनी भोकाची नाणी, जेडचे मणी, चिनीमातीची भांडी... किती बघू नि किती नको! एखाद्या वाडग्याच्या बुडाशी सम्राट छ्येनलुंगचं नाव असतं. त्याची कारकीर्द १७३५ ते १७९६. म्हणजे वाडगा दोनशे वर्षांचा? थांबा हं! नव्या भांड्यांवर जुन्या सम्राटांची नावं घालायची चाल चीनमध्ये शतकानुशतकं आहे. नावावरून वय ठरत नाही.

आणि वाडगा खरंच तेवढा जुना निघाला तर? तर तो आणताच येणार नाही! २००७ च्या नियमाप्रमाणे १९११ पर्यंतच्या पुराणवस्तू चीनबाहेर नेण्यास बंदी आहे. तो त्या देशाचा ठेवा ना!

मग काय करावं? वस्तू आवडली तर 'नवी' समजूनच भाव करावा. भाषेवाचून अडत नाही; कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला की घासाघीस सुरू! 'जुनी आहे' या शब्दाचे मात्र जादा पैसे मोजू नयेत. पटतंय ना?