दीपगृहाचा विनोद आणि होंडा पॉइंटचे तेवीस

१/ अमेरिकेचे एक प्रचंड युद्धजहाज समोरच्या दिव्याला बिनतारी संदेश पाठवून मार्ग बदलण्याचे फर्मान सोडते. समोरून शांत उत्तर येते की, मार्ग आपणच बदलावा. जहाज चिडते, सोबतच्या विनाशिकांचा आणि क्रूझरांचा पाढा वाचते, धमकी देते. शेवटी उलगडा होतो की, समोर जहाज नाहीच, दीपगृह आहे. हा किस्सा ठाऊक नाही असा इतिहासप्रेमी विरळा. त्यासोबत तारीख येते, ऑक्टोबर १९९५. स्थळ येते, न्यूफाउंडलंडचा किनारा. जहाजाचे नावही येते, ‘अब्राहम लिंकन’. आणि हे संभाषण खुद्द नौदलाने प्रसिद्ध केले, असा शिक्काही असतो.

२/ यातले काहीही घडलेले नाही.

३/ किश्श्यातली ‘अब्राहम लिंकन’ स्वतःला अटलांटिक ताफ्यातील दुसरे सर्वांत मोठे जहाज म्हणवते. प्रत्यक्षात १९९५ साली ही विमानवाहू नौका पॅसिफिक ताफ्यात होती आणि तिचे बंदर होते कॅलिफोर्नियातील अलमीडा. अमेरिकी नौदलाने या कथेचा जाहीर इन्कार केलेला आहे. त्याहून गमतीचा पुरावा असा की, स्टीफन कव्ही यांच्या १९८९ सालच्या ‘सेव्हन हॅबिट्स’ या गाजलेल्या पुस्तकात हाच प्रसंग, जहाज तेवढे वेगळे ठेवून, आधीच छापलेला आहे. विनोदाचा सांगाडा तर त्याहून जुना, १९३०च्या दशकातील ब्रिटिश विनोदी नियतकालिकांइतका. सहा वर्षे आधी छापून आलेले संभाषण १९९५ मध्ये ‘ध्वनिमुद्रित’ कसे झाले, हा प्रश्न पुढे ढकलणाऱ्यांना पडत नाही.

४/ यावर ठरलेला आक्षेप येतो: बोधकथाच तर आहे, एवढे गंभीर कशाला व्हायचे? बोधकथा बोधकथा म्हणून सांगितली तर कोणाचीच हरकत नसावी. पंचतंत्रातल्या सिंहाला कोणी जन्मतारीख चिकटवत नाही. इथे मात्र तारीख, जहाज आणि सरकारी शिक्का चिकटवलेला आहे. त्याला बोधकथा म्हणत नाहीत, बनावट दस्तऐवज म्हणतात. आणि तक्रार एवढीच नाही. या बनावट कथेने एका खऱ्या कथेची जागा बळकावली आहे, हे तिचे मोठे पाप. खऱ्या कथेतही विनाशिका आहेत, दीपगृह आहे, किनाऱ्यावरून आलेला बिनतारी इशारा आहे आणि तो न मानणारा अधिकारी आहे. फक्त तिच्या शेवटी कोणी हसत नाही.

५/ ८ सप्टेंबर १९२३. अमेरिकी नौदलाच्या अकराव्या विनाशिका स्क्वाड्रनची १४ जहाजे सकाळी सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन दिएगोकडे निघाली. प्रमुख होते कॅप्टन एडवर्ड वॉटसन. त्यांची ध्वजनौका ‘डेल्फी’, आणि डेल्फीचे कप्तान लेफ्टनंट कमांडर डोनाल्ड हंटर. ही सारी क्लेमसन वर्गातील चार धुराड्यांची जहाजे होती, सुमारे ३१४ फूट लांब आणि निरुंद, पत्र्याने पातळ. महायुद्धानंतर इंधनाच्या काटकसरीमुळे या जहाजांना वेगाने धावण्याची मुभा क्वचितच मिळत असे. त्या दिवशी मिळाली होती. २० नॉट वेगाने दीर्घ धाव घेऊन इंजिनांची चाचणी करायची होती.

६/ हा वेग ध्यानात ठेवावा, पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे.

७/ दुपारच्या सुमारास पिजन पॉइंटचे दीपगृह मागे पडले आणि पुढे धुके वाढत गेले. मग उरले डेड रेकनिंग, म्हणजे वेग, दिशा आणि गेलेला वेळ यांच्या गणितावरून नकाशावर आपले स्थान मांडणे. समुद्राचा प्रवाह, वारा, लाट यांनी जहाज किती सरकले हे या गणितात अंदाजानेच धरावे लागते. तास वाढतात तशी चूकही वाढते. हे हंटर यांना कोणी शिकवायची गरज नव्हती, कारण ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत नौकानयनाचे अध्यापन त्यांनी स्वतः केलेले होते.

८/ पॉइंट आर्ग्वेलोला १९०१ पासून दीपगृह होते. त्या टोकाला वळसा घालून सांता बार्बराच्या सामुद्रधुनीत शिरायचे, हा ठरलेला मार्ग. विनोदातले दीपगृह नेहमी लख्ख दिसते. आर्ग्वेलोचा दिवा त्या रात्री धुक्याने गिळला होता. धुक्यासाठीच तर तिथे दुसरी सोय केलेली होती: बिनतारी दिशादर्शक स्थानक. जहाजाने संदेश पाठवायचा, स्थानकाने तो कोणत्या दिशेने आला ते मोजून दिशाकोन कळवायचा. म्हणजे दीपगृह बोलू लागले होते, तेही १९२३ मध्ये. विनोद रचणाऱ्यांना हे माहीत असते तर बरे झाले असते.

९/ यंत्रणा नवी होती आणि तिच्यात एक खोट होती. तिला रेषा अचूक कळे, पण जहाज त्या रेषेच्या कोणत्या टोकाला आहे याबद्दल १८० अंशांची गफलत होऊ शके. त्यामुळे जुन्या वळणाच्या अधिकाऱ्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता. त्या संध्याकाळी आर्ग्वेलोचे कोन सांगत होते की, ताफा अजून टोकाच्या उत्तरेलाच आहे. हंटर यांचे गणित सांगत होते की, टोक ओलांडले. हंटर यांनी गणित मानले. डेल्फीचे नौकानयन अधिकारी लेफ्टनंट लॉरेन्स ब्लॉजेट यांनी शंका काढली, पण ती टिकली नाही. वॉटसन यांनी हंटरना साथ दिली.

१०/ तिसरा साक्षीदार अजून बाकी होता, समुद्राचा तळ. खोली मोजली असती तर किनारा किती जवळ आहे ते लगेच कळले असते. पण खोली मोजण्यासाठी वेग कमी करावा लागला असता आणि २० नॉटची चाचणी मोडली असती. वेग कमी झाला नाही.

११/ रात्री ९ वाजता डेल्फीने ९५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ थेट पूर्वेला, वळण घेतले. सामुद्रधुनीचे तोंड समोर आहे अशी खात्री होती. पाच मिनिटांत, म्हणजे सुमारे तीन किलोमीटरवर, आर्ग्वेलोच्या थोडे उत्तरेचे होंडा पॉइंटचे खडक होते. ९ वाजून ५ मिनिटांनी डेल्फी त्यांवर आदळली.

१२/ मागची जहाजे एकामागोमाग, काही शे फुटांच्या अंतराने येत होती. २० नॉट वेगाला हे अंतर अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. ‘एस. पी. ली’ने पुढचे जहाज थांबलेले पाहून डावीकडे वळण घेतले आणि ती कड्याखाली जाऊन बसली. ‘यंग’चा तळ खडकाने उभा चिरला. ‘वुडबरी’, ‘निकोलस’, ‘फुलर’ खडकांवर चढली. ‘चॉन्सी’ मदतीला सरसावली आणि तीही अडकली. ‘फॅरागट’ आणि ‘सोमर्स’ खरचटून मागे सरकल्या. सात विनाशिका काही मिनिटांत गेल्या. शांततेच्या काळात अमेरिकी नौदलाने एका वेळी इतकी जहाजे कधीच गमावलेली नव्हती.

१३/ ‘यंग’ सुमारे दीड मिनिटात उजव्या कुशीवर कलंडली. बॉयलर आणि इंजिनांच्या कक्षांत काम करणाऱ्यांना वर येण्याची शिडी सापडेपर्यंतही वेळ मिळाला नाही. त्या एका जहाजावर २० जण मेले, डेल्फीवर ३. विनोदात फक्त पुलावरचा अधिकारी बोलतो. पोलादाखाली कोणता वाद चालला आहे याचा पत्ता नसलेली, वाफ सांभाळणारी माणसे त्यात कुठेच नसतात. मृतांचा आकडा मात्र बहुतांशी त्यांनीच भरला.

१४/ उरलेले कलंडलेल्या पोलादाच्या वरच्या बाजूला चिकटून राहिले. पीटरसन नावाचा एक मुख्य बोसन अंधारात, तेलाने माखलेल्या पाण्यात, सुमारे शंभर यार्ड पोहत दोर घेऊन ‘चॉन्सी’पर्यंत पोहोचला. त्या दोरावर सात माणसांचा एक तराफा ओढून ११ फेऱ्यांत ७० जण काढले गेले. ‘यंग’चे कप्तान विल्यम कॅल्हून आणि त्यांचे दुय्यम अधिकारी सर्वांत शेवटी उतरले. वर कड्यावरून आसपासच्या पशुपालकांनी दोर-झोळ्या सोडल्या. हेही इतिहासात आहे, आणि हेही कोणी पुढे ढकलत नाही.

१५/ आता दुसऱ्या एका लाडक्या स्पष्टीकरणाकडे. १ सप्टेंबर १९२३ रोजी जपानमध्ये महाभयंकर कांतो भूकंप झाला होता. त्यामुळे पॅसिफिकचे प्रवाह बिघडले, म्हणून जहाजे भरकटली, असे मोठ्या आवडीने सांगितले जाते. प्रवाह नेहमीसारखे नसतील, हे मान्य. त्याच दिवशी ‘क्युबा’ नावाची टपाल आगबोट जवळच्याच सॅन मिगेल बेटावर आदळली होती, हा त्यासाठीचा बरा पुरावा. पण प्रवाह अनोळखी असणे ही डेड रेकनिंगची नेहमीचीच अडचण, अपवाद नव्हे. भूकंपाने गणित चुकवले असेलही. त्याने आर्ग्वेलोचे कोन चुकवले नव्हते, आणि खोली मोजणाऱ्याचा हातही धरला नव्हता. निसर्गाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची सोय अशी की, तो उलटतपासणीला येत नाही.

१६/ विनोदाचे निदान वेगळे आणि तितकेच चुकीचे. त्याच्या मते रोग एकच: उद्धटपणा. हंटर उद्धट नव्हते. ते आपल्या विषयातले निष्णात होते, आणि अवघड गोष्ट तीच आहे. एका नव्या, कधीमधी फसणाऱ्या यंत्रापेक्षा त्यांनी आपल्या मुरलेल्या कौशल्यावर भरवसा ठेवला. त्या क्षणी, त्या पुलावर, हे अविचारी वाटण्यासारखे नव्हते. अविचार एवढाच की, दोन साक्षी परस्परविरुद्ध असताना तिसरी काढली नाही, आणि ती का काढली नाही तर वेग मोडेल म्हणून.

१७/ आणि मागचे तेरा कप्तान? प्रमुखाच्या मागे जा, ही विनाशिकांची शिस्त. शत्रूच्या तोफांसमोर ती शिस्त जीव वाचवते. पण रांगेच्या शेवटच्या चार जहाजांचे प्रमुख कमांडर वॉल्टर रोपर यांनी ‘केनेडी’वरून सावधपणे अंतर राखले आणि आपली चारही जहाजे खडकांपासून दूर ठेवली. चारही वाचली. तेव्हा ‘आज्ञा होती, दुसरे काय करणार’ हे उत्तर त्याच रात्री, त्याच रांगेत खोटे ठरलेले आहे. अर्थात पुढच्यांना अर्धे मिनिटही नव्हते आणि रोपर रांगेच्या टोकाला होते, हा फरक न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण शंका घेण्याचा वेळ ९ वाजून ५ मिनिटांनी सुरू झाला नव्हता. तो संध्याकाळभर चालू होता.

१८/ चौकशी रिअर ॲडमिरल विल्यम प्रॅट यांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि ११ अधिकाऱ्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करण्यात आले. वॉटसन यांनी सारी जबाबदारी स्वतःवर घेतली. हाताखालच्यांवर काही ढकलले नाही. त्यांची आणि हंटर यांची शिक्षा ज्येष्ठता यादीत खाली ढकलण्यापुरती राहिली आणि बहुतेक अधिकारी सुटले. वॉटसन यांच्या या वागण्याचे कौतुक पुष्कळ झाले, आणि ते योग्यच. मात्र कौतुकाच्या भरात एक गोष्ट निसटते. एकाने सारा दोष घेतला की, इशारा पोहोचूनही तो उपयोगी का पडू शकला नाही, या प्रश्नाला वाचा राहत नाही. स्थानकावर कोणाचा विश्वास का नव्हता, धुक्यात चाचणीचा वेग मोडण्याचा अधिकार कोणी का वापरला नाही, हे प्रश्न एका माणसाचे नव्हते.

१९/ म्हणून ‘मार्ग बदला’वाला किस्सा निरुपद्रवी नाही. त्यात मूर्ख कोण हे पहिल्या वाक्याला कळते आणि वाचक सुरुवातीपासूनच दीपगृहाच्या बाजूला उभा असतो. होंडाच्या रात्री डेल्फीच्या पुलावर उभे राहून पाहिले तर ती बाजू कोणती, हे दिसतच नाही. एक कोन, एक गणित, बाहेर धुके आणि घड्याळात ९ वाजायला आलेले.

२०/ पुढच्या वेळी तो किस्सा गटावर आला तर त्याखाली तीन ओळी पुरेत: ‘लिंकन’ १९९५ मध्ये पॅसिफिकमध्ये होती, गोष्ट १९८९ मध्येच छापलेली आहे, आणि खरी घटना ८ सप्टेंबर १९२३ ची आहे. पाठवणारा रागावला तर रागावू द्यावा.

२१/ सातही सांगाडे पुढे भंगारात १,०३५ डॉलरला विकले गेले. ‘वुडबरी’ ज्या खडकावर चढली त्याला आज तिचेच नाव आहे. डेल्फीचा पंखा लोंपॉक गावात, युद्धात लढलेल्यांच्या स्मारक इमारतीबाहेर ठेवलेला आहे.