कॉम्प्युटर आपला, किल्ली कुणाकडे?



गेल्या महिन्यात सासूबाईंनी लॅपटॉप चालू केला तर समोर नुसता निळा पडदा. त्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागितलेली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी तर रोज चार आकडी पिन टाकते, ही कुठली नवी किल्ली?"

चौकशी केल्यावर उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी लॅपटॉप घेतला तेव्हा पहिल्यांदा सुरू करतानाच त्याने ऑनलाइन खातं मागितलं. सासूबाईंचा ईमेल नव्हता. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, मी करून देतो," आणि त्याने स्वतःच्या नंबरवर खातं उघडून दिलं. आम्हीही चहा पीत बसलो, विचारलं नाही. किल्ली त्या खात्यात जाऊन बसली. मुलगा आता ते दुकान सोडून गेलाय, नंबर बंद आहे. दुरुस्तीवाला म्हणाला, फॉरमॅट करा, दुसरा इलाज नाही.

आत काय होतं? सासूबाईंनी एका बोटाने टाईप केलेल्या पाककृती. तिथीच्या दिवशीच्या हिरव्या भाजीविना आमट्या, कांदा-बटाट्याशिवायचे रस्से, एकासण्याचा स्वयंपाक. दोन वर्षांची मेहनत.

चूक आमची आणि त्या दुकानाची, हे कबूल. पण मुळात घरात पाककृती लिहायला खातं लागावंच का?

विंडोज 11 ऑक्टोबर 2021 मध्ये आलं, तेव्हापासून त्याच्या होम आवृत्तीला पहिल्या सेटअपलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. 2022 पासून घरगुती वापराच्या प्रो आवृत्तीलाही. जाणकार मंडळी काही आडवाटांनी खात्याशिवाय आत शिरत. ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनीने चाचणी आवृत्तीतून त्या वाटाही काढत असल्याचं जाहीर केलं. कारण असं दिलं की, तसं केल्याने सेटअपच्या काही गरजेच्या पायऱ्या गाळल्या जातात.

कंपनीची बाजू अगदीच खोटी नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर कुलूपबंद डिस्कमधलं चोराला काही वाचता येत नाही. पासवर्ड विसरला तर खात्यातून परत मिळतो. मला राग आहे तो "नको" म्हणायची सोय नसण्याचा. अ‍ॅपलचा मॅकही खातं मागतो, पण "नंतर बघू" म्हणून पुढे जाऊ देतो. लिनक्स तर मागतही नाही. म्हणजे जमत नाही असं नाही.

शिवाय एका खात्यामागे दुसरं येतंच. डेस्कटॉपवरच्या फायली आपोआप वनड्राइव्हवर जाऊ लागतात, तिथे फुकट जागा 5 जीबी, ती भरली की पैसे भरा. आपल्याकडे न दिलेलं घेणं म्हणजे अदत्तादान. इथे आपण "मान्य" दाबतो, म्हणजे दिलंच म्हणायचं. पण दाबल्याशिवाय स्वतः विकत घेतलेली वस्तू सुरूच होणार नसेल, तर ते देणं कसलं? मी तरी त्याला दान म्हणणार नाही.

असो. रागावून लॅपटॉप उघडत नाही. नवीन घेणार असाल तर खातं स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नंबरवर, स्वतःच्या हाताने उघडा, दुकानदार कितीही घाई करो. मग खात्यात जाऊन ती 48 आकडी की शोधा आणि कागदावर उतरवून दागिन्यांच्या पावत्यांबरोबर ठेवा. खातं नकोच असेल तर सेटअप झाल्यावर सेटिंग्जमध्ये, अकाउंट्सखाली लोकल अकाउंटवर जाण्याचा पर्याय आहे. पण की लिहून घेतल्याशिवाय तिकडे वळू नका. आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर हवीच. हे मी आता सांगतेय, तेव्हा सुचलं नव्हतं.

सासूबाईंनी काही पाककृती मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या होत्या, तेवढ्या वाचल्या. बाकीच्या त्या परत लिहितायत, यावेळी शंभर पानी वहीत. मेथांब्याचं गुळाचं प्रमाण मात्र त्यांनाही आता नीट आठवत नाही.